घरी कोण सांगणार?

धर्मांतर हा शब्द उच्चारला की आपल्याकडे वादाला तोंड फुटते आणि तो वाद ठरलेल्या वळणांनीच पुढे जातो. आमिष की आत्मशोध? संख्या वाढली की घटली? कायदा हवा की नको? कँटीनमध्ये दोन चहा संपेपर्यंत चालणारा हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. पण ज्याने धर्म बदलला त्याने संध्याकाळी घरी जाऊन आईला काय सांगितले, हा प्रश्न त्यात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. उत्तर प्रदेशाने २०२१ साली केलेल्या कायद्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवावे, असे आहे. म्हणजे कलेक्टरसाहेबांची व्यवस्था झाली. आईचे ज्याचे त्याने पाहावे! आता आईलाही कायद्याने नोटीस पाठवावी, असे मला मुळीच म्हणायचे नाही. (उद्या तसेही कलम कोणी सुचवील, नेम नाही.) सज्ञान माणसाला धर्म बदलण्यासाठी कोणाचीही परवानगी लागू नये, हे मला पूर्णपणे मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की परवानगी मागणे वेगळे आणि सांगणे वेगळे. घरच्यांनी ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. आणि ऐकली तर अर्धी ऐकू नये.

मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हत्या. त्यानंतर चार-पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. ‘स्मृतिचित्रे’वर परीक्षेत प्रश्न आला की आपण विनोद, प्रांजळपणा, घरगुती भाषा असे मुद्दे मांडून मोकळे होतो. ते मुद्दे खरेच आहेत. पण ते पुस्तक वाचताना माझ्या मनात सारखे येत राहते, की टिळकांचे धर्मचिंतन कितीही खोल असो, त्याचे मोल आधी मोजावे लागले ते एका दुसऱ्याच माणसाला, आणि त्या माणसाला कोणी काही विचारलेले नव्हते. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, त्याही स्वतःच्या पायांनी चालत. म्हणून काही मधली वर्षे भरून निघत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, तिथे हिंदू आणि ख्रिस्ती असे अंतर होते, त्यात सोवळे-ओवळे होते. दोन्हीकडे ख्रिस्तच असेल तर एवढे रामायण कशाला? याचे उत्तर मला माझ्या मामांनी सांगितलेल्या एका हकिकतीत सापडले. मामा व्यापारी जहाजावर इंजिनखात्यात आहेत. जहाजांवर आपली कोकणातली माणसे असतात तशी फिलिपाइन्सची माणसे तर फारच. त्यांच्यातला एक तरुण रात्रपाळीला सगळे कॉफी घेत तेव्हा नुसते गरम पाणी पीत बसे. चौकशी करता कळले, की गृहस्थ जन्माने कॅथलिक, पण आता मॉर्मन झाला आहे. “घरी ठाऊक आहे का?” मामांनी विचारले. तो हसला. रजेवर गेला की दर रविवारी आईबरोबर मिस्साला जायचा, तिने केलेली कॉफी मुकाट्याने प्यायचा, आणि परत बोटीवर आला की गरम पाणी. दोन वर्षे हे असे चालले होते. पुढे मामा दुसऱ्या बोटीवर गेले, त्यामुळे शेवट त्यांनाही माहीत नाही. मामांना या गोष्टीची मौज वाटली. मला काही ती डोक्यातून जाईना, म्हणून या विषयावर मिळेल ते वाचत गेले.

मॉर्मन म्हणजे येशू ख्रिस्ताच्या उत्तरकालीन संतांचे चर्च. १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने ते स्थापन केले. (२०१८ पासून ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये असा त्या चर्चचा आग्रह आहे, पण पूर्ण नाव दर वेळी लिहीत बसले तर संपादक माझा लेखच कापतील, म्हणून क्षमा असावी.) दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य. हा पंथ आपल्याकडे फारसा का पसरला नाही याची कारणे शोधायला समाजशास्त्र नको, चहा पुरेसा आहे! फिलिपाइन्समध्ये मात्र १९६१ पासून त्याचा प्रचार सुरू झाला आणि आज त्या चर्चच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे तिथे त्याचे आठ लाखांहून अधिक सभासद आहेत. ज्या देशात २०२० च्या जनगणनेनुसार शंभरांतले अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी लोक कॅथलिक आहेत, आणि जिथे ही परंपरा १५२१ पासूनची, तिथे हे आठ लाख लोक आले कुठून? बहुतेक कॅथलिक घरांतूनच. म्हणजे तितक्या घरांत कोणीतरी कोणालातरी हे सांगितले असेल. नाहीतर सांगितले नसेल.

आणि तिथले घर म्हणजे काय, तेही पाहिले पाहिजे. मूल झाले की त्याच्या स्नानसंस्काराला धर्मपिता-धर्ममाता उभे राहतात. त्यांना निनोंग आणि निनांग म्हणतात. त्या दिवसापासून मुलाचे आईबाप आणि हे दोघे एकमेकांचे सोयरे होतात. लग्न न लावता जुळलेले व्याही म्हणा ना. आल्यागेल्या वडीलधाऱ्यांचा हात मुलाने आपल्या कपाळाला लावायचा. डिसेंबरात १६ तारखेपासून नऊ दिवस पहाटेची मिस्सा, आणि बाहेर पडल्यावर गरम तांदळाची भाकरी आणि आल्याचा काढा. (हा काढा मॉर्मनाला चालतो, एवढी एक सोय.) कोणी वारले की नऊ दिवस घरी प्रार्थना. अशा घरात मुलगा म्हणतो, “मी पुन्हा बाप्तिस्मा घेणार आहे.” त्याच्या दृष्टीने ती सुरुवात आहे. आईच्या कानावर काय पडते? तिने तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन जो संस्कार केला, ज्याला सोयरे उभे राहिले, तो झालाच नव्हता. मॉर्मन चर्च कॅथलिक बाप्तिस्मा मानत नाही. आणि इकडे व्हॅटिकननेही जून २००१ मध्ये निर्णय दिला, की मॉर्मनांचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही, कारण पिता-पुत्र-पवित्र आत्मा या शब्दांचा अर्थच दोघांचा निराळा आहे. दोन्ही दारांना आतून कडी.

म्हणूनच अशा वेळी जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. सल्ला असा: “घरच्यांना सांग, की विशेष काही बदललेले नाही, आपण सारे ख्रिस्तालाच मानतो.” हेतू चांगला असेल, पण हे खरे नाही, आणि आईला ते खरे नाही हे कळायला वेळही लागत नाही. विशेष काही बदलले नसेल तर मग तू गेलास कशाला? हा तिचा पहिला प्रश्न असेल आणि तो बिनतोड आहे. जे तिच्यापासून आज झाकले ते लग्नाच्या वेळी उघडे पडणारच. मॉर्मन मंदिरात होणाऱ्या विवाहाला फक्त चर्चच्या पात्र सभासदांना प्रवेश असतो. सख्खे आईबाप सभासद नसतील तर ते बाहेर थांबतात. आपल्याकडे मुलीच्या आईने अंतरपाटाच्या वेळी मंडपाबाहेर बसायचे, अशी कल्पना करून पाहावी! अमेरिकेत तर आधी बाहेर साधे लग्न लावले तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावे लागे. मे २०१९ मध्ये चर्चने ती अट काढून टाकली आणि दोन्हीकडची कुटुंबे एकत्र यावीत हा हेतूही बोलून दाखवला. धर्मसंस्थेलाही बाहेर ताटकळणाऱ्या आईबापांचा विचार करावा लागला, याची नोंद घेतली पाहिजे.

पण सगळ्यांत अवघड भाग मेलेल्यांचा आहे. १ नोव्हेंबरला फिलिपाइन्समधली कुटुंबेच्या कुटुंबे दफनभूमीत जातात. कबरी धुतात, मेणबत्त्या लावतात, डबे सोडून तिथेच जेवतात, पोरे तिथेच खेळतात. आई आपल्या वडिलांच्या आत्म्यासाठी जपमाळ ओढते. मॉर्मन झालेल्या मुलालाही त्याच आजोबांची काळजी असते! त्याचा धर्म त्याला सांगतो, की जे हा बाप्तिस्मा न घेता गेले त्यांच्या नावाने जिवंत माणसाने मंदिरात तो घ्यावा; स्वीकारायचा की नाही ते परलोकीचा आत्मा ठरवील. मनिलाचे मंदिर १९८४ पासून उभे आहे. मुलगा तिथे आजोबांचे नाव घेऊन जाऊ शकतो. त्याच्या लेखी ही सेवा आहे, आपल्याकडे गयेला जाऊन पिंड द्यावेत तशी. आईच्या लेखी जन्मभर कॅथलिक राहिलेल्या बापाला मेल्यावर पळवून नेल्यासारखे आहे. व्हॅटिकनलाही हे खटकले. २००८ साली चर्चमधल्या जन्म-बाप्तिस्म्याच्या वह्या मॉर्मनांच्या वंशावळी-संस्थेला नकलून घेऊ देऊ नयेत, असे धर्मप्रांतांना कळवण्यात आले.

इथे मला एक गोष्ट फार अर्थपूर्ण वाटली. मॉर्मनांच्याच नियमाप्रमाणे ज्या मृत व्यक्तीचा जन्म गेल्या ११० वर्षांतला आहे, तिच्यासाठी हा विधी करायचा तर तिच्या सर्वांत जवळच्या हयात नातलगांपैकी कोणाची तरी संमती घ्यावी लागते. आजोबांचे सर्वांत जवळचे हयात नातलग कोण? आजी नसली तर त्यांची मुले. म्हणजे आईच! ज्या आईला आपण काही बोललोच नाही, तिच्याच होकारापाशी ही वाट येऊन अडते. असाच दुसरा नियम आहे: विवाहित माणसाला जोडीदाराच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत. टिळकांच्या वेळी त्यांच्या मिशनने असा नियम पाळला असता तर काय झाले असते, याचा विचार करत मी बराच वेळ बसले. कदाचित टिळक कधीच ख्रिस्ती झाले नसते. कदाचित लक्ष्मीबाईंशी जे बोलणे चार-पाच वर्षांनी झाले ते आधीच झाले असते. संमतीच्या अटीवर आपले मतभेद असू शकतात; पत्नीच्या हातात नवऱ्याच्या श्रद्धेची किल्ली का असावी, असे कोणी विचारले तर माझ्याजवळ चटकन उत्तर नाही. पण बोलणे आधी व्हावे हा त्यामागचा विचार मला पटतो. सज्ञान मुलांच्या आईबापांसाठी असा नियम नाही, आणि नसावाही. म्हणूनच ते काम मुलाने आपल्या हिमतीवर करायचे आहे.

नातलगांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर सगळा भार एकाच खांद्यावर टाकल्यासारखे होईल. आईने रडावे, तिला तो हक्क आहे. बापाने चार दिवस बोलू नये, हेही समजू शकते. परंतु गावच्या फादरना मध्ये घालून पोराला कोंडीत धरणे, मावश्यांकडून फोनवर फोन करवणे, मुद्दाम कॉफीचा कप पुढे करून तमाशा पाहणे, याला मी प्रेम म्हणणार नाही. आपल्याकडेही शाकाहारी सुनेच्या पानात नकळत रस्सा वाढून हसणारी घरे आहेतच की! धर्मपित्याची अडचण तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तो ज्या नात्याने या घराशी बांधला गेला त्याचा आधारच निघाला. आता त्याने यायचे की नाही? माझ्या मते त्यालाही मुलाने स्वतः जाऊन भेटावे आणि पूर्वीसारखाच त्याचा हात कपाळाला लावावा. हात कपाळाला लावायला कोणत्याच चर्चची मनाई नाही.

सांगायचे ते सगळे एका बैठकीत सांगावे: बाप्तिस्मा, कॉफी, लग्न, आजोबा. काय संपले ते आधी, आणि काय उरले ते लगेच त्याच्यामागून. दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. कारण आई बहुधा वादाचे काही विचारणारच नाही. त्रैक्य, प्रेषित, १८३० साल यांच्याशी तिला कर्तव्य नसते. ती विचारील, मी गेल्यावर १ नोव्हेंबरला माझ्याकडे कोण येणार? याचे उत्तर मुलाजवळ तयार असले पाहिजे, आणि ते आहे. दफनभूमीत जाऊ नये असे त्याचा नवा धर्म म्हणत नाही. जपमाळ त्याच्या हातात नसेल; पण कबर तो धुवील, फुले नेईल, इतरांची प्रार्थना संपेपर्यंत शेजारी बसून राहील आणि सगळ्यांबरोबर तिथेच जेवील.