दातांवरील पांढरे डाग : मंजनापूर्वी निदान

दातांवर पांढरे डाग असलेल्या मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांची अपेक्षा बहुधा एकच असते : डाग घालवणारे एखादे मंजन मिळावे. औषधालयात ते मागितले जाते आणि दिलेही जाते. हा व्यवहार सोपा असला तरी शास्त्राला धरून नाही, असे आम्हांस स्पष्टपणे वाटते.

सुश्रुताचार्यांनी गणलेल्या आठ दंतरोगांत ‘श्वेत डाग’ असा स्वतंत्र व्याधी नाही. अशा वेळी नावापाशी न अडता अधिष्ठान व समुत्थान पाहावे, ही चरकाचार्यांची शिकवण उपयोगी पडते. हिरडीलगतचा, खडूसारखा निस्तेज डाग बहुधा दंतकिडीची पहिली पायरी असतो. दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारख्याच आडव्या रेषा वा ढगाळ डाग असतील, तर फ्लोरोसिसचा संशय घ्यावा. एकाच दातावर डाग असेल, तर पूर्वी तेथील दुधाच्या दाताला मार वा संसर्ग झाला होता का, हे विचारावे.

या तिन्ही प्रकारांत डाग म्हणजे दातावर बसलेला मळ नव्हे. तो दंतवल्काच्या रचनेतच असतो. खरखरीत मंजनाने वा कोळशाच्या पुडीने तो निघत नाही, दंतवल्क मात्र झिजते. लिंबू चोळणे तर अधिकच घातक. सामू ५.५ च्या आसपास उतरला की दंतवल्क विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ असतो. ‘कॅल्शियम कमी आहे’ असे सांगून प्रवाळ वा गोदंती देण्यानेही हे डाग जात नाहीत, कारण एकदा तयार झालेले दंतवल्क शरीर पुन्हा घडवीत नाही.

उपचारही कारणानुसार बदलतो. किडीचा आरंभ असेल तर गोड खाणे आवरणे, रात्री दात घासणे व फ्लोराइडयुक्त पेस्ट यांनी ती प्रक्रिया थांबवता येते. फ्लोरोसिसमध्ये मात्र फ्लोराइडचे आधिक्य हेच कारण असते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे निदान! म्हणूनच परीक्षेशिवाय सल्ला देणे आम्ही अयोग्य मानतो.

भारतात फ्लोरोसिसची नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात झाली. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील अनेक गावांत कूपनलिकेच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे व सांधेही जखडतात.

येथे निदानपरिवर्जन हीच खरी चिकित्सा. पंधरा वर्षांच्या मुलाचे डाग आपण पुसू शकत नाही. ते फार खुपत असल्यास दंतचिकित्सकाकडे पाठवावे. परंतु कायमच्या दातांचे दंतवल्क सुमारे आठव्या वर्षापर्यंत घडत असते. त्याच घरातील तीन वर्षांच्या बहिणीचे दात आजही वाचवता येतात, आणि तिच्याविषयी आपण विचारले नाही तर दुसरे कोणी विचारेलच असे नाही.

वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती आहे की, अशा प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत डाग कोठे आहेत, केव्हापासून आहेत आणि घरात पाणी कोठले येते, हे अवश्य लिहावे. एकाच गावची अशी दोन-तीन मुले आढळल्यास ग्रामपंचायतीस कळवून पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. औषधालयचालकांनी ‘डाग घालवणारे’ म्हणून कोणतेही मंजन देऊ नये. ग्राहकास प्रथम वैद्याकडे वा दंतचिकित्सकाकडे पाठवावे. यात एका डबीची विक्री बुडेल, हे आम्ही जाणतो. तरीही हा नियम आपण सर्वांनी स्वतःहून पाळावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.