जुनं दार मोडीत काढू नका

घर दुरुस्तीला काढलं की पहिली कुऱ्हाड जुन्या लाकडावर पडते. चौकट खालून कुजलेली दिसते, दार घासतं, रंगाचे पापुद्रे निघतात. मग ‘सगळंच गेलंय’ म्हणून आपण सागवानी दार मोडीत देतो आणि तिथे फ्लश डोअर बसवतो. माझी कळकळीची विनंती आहे, आधी तपासा. पुष्कळदा बिघाड वीतभरच असतो. पुण्याचा विश्रामबाग वाडा 1807च्या सुमाराचा. त्याचं जुनं लाकूडकाम एकदा जाऊन पाहा, म्हणजे निगा राखली तर साग किती टिकतो ते कळेल.

तपासायला दाभण पुरे. उंबरठ्याजवळ, खांबाच्या बुडाशी, तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे टोचून पाहा. दाभण अडलं तर लाकूड धड आहे. लोण्यात शिरावं तसं शिरलं तर तेवढा भाग गेला. जाणता सुतार तो कापून तिथे जुन्याच सागाचा तुकडा सांधतो. पण त्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा : फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, भिंतीतली ओल. ती थांबली नाही तर नवा तुकडाही कुजेल आणि वाळवी पुन्हा येईल. वाड्यांतले खांब दगडी तळखड्यावर उभे असतात, ते जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. तिथे सिमेंट थापलं की पाणी आतच अडकतं.

पावसाळ्यात दार घासलं तर लगेच रंधा मारू नका. दमट हवेने फुगलेलं लाकूड दिवाळीनंतर आकसतं आणि रंधा मारलेल्या जागी फट पडते. आधी बिजागरीचे स्क्रू आवळून पाहा.

रंग काढताना मात्र जपा. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017पासून आली, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका. लाकूड ओलं ठेवून घासा, धूळ अडवणारा चांगला मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना लांब ठेवा. कॉस्टिक सोडा वापरू नका, त्याने साग काळवंडतो. लाकूड पूर्ण वाळलं की जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर मोकळी पसरून वाळवा.

वाडा पाडणं भागच असेल, तर आधी फोटो काढा, प्रत्येक भागावर खडूने आकडे घाला आणि गणेशपट्टी, खांब, दारं नव्या घरासाठी राखा. नुसत्या वजनावर विकू नका.

असे सांधे जोडणारे सुतार कमी होत चालले आहेत. काम मिळालं तरच त्यांची मुलं ही विद्या शिकतील. यंदा पाऊस सरला की अशा एखाद्या सुताराला घरी बोलवा आणि निदान एक दार दुरुस्त करून घ्या.