आधी बॅकअप, मग ब्रश

रायपूरकरांनो, हे तुमच्यासाठी आहे. गोल बाजारातल्या दुकानदारांनो, तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनीतल्या आयाबायांनो, या रविवारी दोन तास काढा. मे तापण्याआधी घरातला, दुकानातला संगणक उघडा.

सकाळी गच्चीवर अनवाणी चाललात तर तळवे काळे होतात ना? उरला-सिलतऱ्याकडच्या कारखान्यांची ती काजळी संगणकाचा पंखाही आत ओढत असतो. गोल बाजारात तिच्यात हळद-मिरचीची पूड मिसळते. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांत थर साचतो, हवा खेळत नाही. मग पारा ४५ अंशांकडे गेला की प्रोसेसर जीव वाचवायला आधी मंदावतो आणि शेवटी संगणक कामाच्या मध्येच बंद पडतो. तुम्ही म्हणता, जुना झाला, भंगारात द्या.

देऊ नका! बऱ्याचदा तो जुना झालेला नसतो, गुदमरलेला असतो. त्याला तुम्ही स्वतः मोकळं करू शकता.

पण त्याआधी एक काम करा. आजीच्या शेवटच्या गणपतीचे फोटो, लेकीच्या गुणपत्रिका, दुकानाची उधारी, सगळं एकाच हार्ड डिस्कवर आहे ना? पंखा नवा मिळतो. आजीचा फोटो कुठल्याच बाजारात मिळत नाही. म्हणून आधी बॅकअप घ्या. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा, दुसरी बहिणीच्या घरी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तिला हात लावू नका. संगणक लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

मग ब्रश घ्या. प्लग काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेट उघडा, आतल्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. पंखा बोटाने अडवून धरा आणि मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडा. ओलं फडकं नको. चालू करताना नुसतीच बीप वाजते? पुन्हा प्लग काढून रॅम काढा, तिची सोनेरी कड खोडरबरानं हलकेच पुसा, नीट दाबून बसवा. घड्याळ रोज मागे पडतं? सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदला.

दोन गोष्टींशी मात्र खेळू नका. पॉवर सप्लायचा डबा उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. लॅपटॉपची बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग तत्काळ थांबवा, तिला टोचू नका, दाबू नका. ती पेट घेऊ शकते. घरात मुलं आहेत.

आणि आपलं झालं की शेजारचं दार वाजवा. तिथले आजी-आजोबा रोज रात्री संगणकाच्या पडद्यावर लांबच्या लेकाचं तोंड पाहतात. त्यांना वाकून कॅबिनेट उघडणं जमणार नाही. तुम्हाला जमेल. ब्रश घेऊन जा. याच रविवारी जा.