बाळंतिणीची खोली आणि मुंगळ्यांची राणी



पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी दिव्याभोवती पंखांची पाखरे जमतात. आपण दिवा मालवतो, परातीत पाणी ठेवतो आणि सकाळी केरसुणीने पंख गोळा करून टाकतो. यातली बहुतेक पाखरे वाळवीची असतात. पण त्याच दिवसांत मुंग्यांच्या राण्याही वारुळातून बाहेर पडतात. अशीच एक राणी गेल्या वर्षी आमच्या घरी आली आणि आम्हा सर्वांना काही शिकवून गेली. आज तिच्याविषयी लिहिते.

आमचा धाकटा सातवीत होता. नळावरून पाणी आणताना त्याने एक मोठी काळी मुंगी पकडली आणि गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत घालून घरी आणली. "आई, हिची पाठ बघ केवढी फुगलेली! बाई म्हणाल्या होत्या, अशी असली तर ती राणी असते." बाई म्हणजे त्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिका. त्यांचे म्हणणे खरे होते. ती मुंगळ्यांची राणी होती.

मुंगळे आपण रोज पाहतो. झाडाच्या बुंध्याशी, गुळाच्या डब्यापाशी रांगेने फिरणारे मोठे काळे मुंगळे. शास्त्रात त्यांना कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणतात. आपण त्यांना 'तो मुंगळा' म्हणतो, पण ही रांगेत राबणारी सगळी जात बायकांची आहे. नर फक्त पंख घेऊन बाहेर पडतात, राणीशी एकदा मीलन होते आणि थोड्याच काळात ते मरतात. राणी मग आपले पंख स्वतःच मोडून टाकते आणि एकटीच जमिनीत लहानसे बीळ करून बसते. त्या एका मीलनातले बीज ती पोटात जन्मभर जपून ठेवते.

आमच्या शेजारणीने ऐकले तेव्हा ती हसून म्हणाली, "राणीचे काय बाई, बसून खायचे!" मलाही तसेच वाटत होते. पण खरी गोष्ट उलटी आहे. मुंगळ्यांची राणी बिळाचे तोंड बंद करून घेते आणि पहिली पोर कामाला लागेपर्यंत अन्नाचा कण खात नाही. पंख गेले, आता उडायचे नाही, म्हणून पंखांचे स्नायू तिच्या अंगातच विरघळतात. त्यावर आणि साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते, अंडी घालते आणि अळ्यांना तोंडातून भरवते. तिला नोकर नसतात आणि ती कोणाला हुकूमही देत नाही. राणी हे नाव माणसांनी दिलेले. त्या दिवसांत ती एकटीने संसार उभा करणारी बाई असते.

हे सर्व आम्हाला नंतर कळले. आधी आम्ही चूक केली.

धाकट्याने बाटली खिडकीत ठेवली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी राणीने पाच-सहा अंडी घातली. त्याला आनंद झाला. शाळेतून आला की तो बाटली हलवून पाही, बूच उघडून साखरेचे दाणे टाकी, वरून पाण्याचे थेंब सोडी. मीही कमी नव्हते. येईल त्या शेजारणीला बाटली हातात घेऊन दाखवत होते. एके दिवशी अंडी दिसेनात. घाबरलेली राणी आपली अंडी स्वतःच खाऊन टाकते, हे तेव्हा माहीत नव्हते. दहाव्या दिवशी ती साखरेच्या चिकट पाण्यात पाय अडकून मेलेली सापडली. पोरगा जेवला नाही. "मी तर तिला खायला देत होतो," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

माझ्या सासूबाई कोपऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, बाळंतिणीची खोली अशी दहा वेळा उघडतात का? तिला अंधार लागतो, ऊब लागते, निजू द्यावे लागते." मग थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाल्या, "आम्हाला नाही मिळाली तशी खोली. तुझा बाप झाला तेव्हा पाचव्या दिवशी मी रस्त्याच्या खडीवर गेले होते. पुढच्या खेपेला राणी आणलीस, तर तिला तरी मिळू दे."

आठ-दहा दिवसांनी पुन्हा जोराचा पाऊस झाला आणि धाकट्याला दुसरी राणी मिळाली. या वेळी त्याने बाईंना सर्व नीट विचारून घेतले. ज्यांच्या घरी मुलांना असा छंद करायचा असेल, त्यांच्यासाठी ती रीत येथे देते.

प्रथम ओळख. वाळवीच्या पाखराचे चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असते. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. पंख स्वतः टाकून जमिनीवर फिरणारी राणी घ्यावी, कारण तिचे मीलन बहुधा झालेले असते. मुंगळ्यांना नांगी नसते, पण जबड्याने ते चांगलेच चावतात. लहान लाल मुंग्यांच्या वाटेस जाऊ नये, त्यांचा डंख फार आग करतो.

काचेची परीक्षानळी घ्यावी. तिसरा हिस्सा स्वच्छ पाणी भरावे आणि पाण्याला टेकेल असा कापसाचा बोळा आत घट्ट बसवावा. कापूस ओला राहिला पाहिजे, पण पाणी पुढे वाहता कामा नये. मोकळ्या जागेत राणीला सोडून तोंडाशी दुसरा कोरडा बोळा लावावा. त्यातून हवा जाते. नळीभोवती जाड कापड किंवा कागद गुंडाळून ती आडवी, हलणार नाही अशी ठेवावी. खायला काही देऊ नये. आठ दिवसांतून एकदा, एक मिनिट, हळूच पाहावे. बस्स.

मच्छर अगरबत्ती, फवारा आणि मुंग्या मारायचा खडू यांपासून नळी लांब ठेवावी. घरातल्या बारीक मुंग्या येऊन राणीला मारू शकतात. दुधाच्या पातेल्याखाली आपण पाण्याची परात ठेवतो, तशीच या नळीखाली ठेवावी.

आमची नळी सासूबाईंच्या लुगड्यांच्या पेटीत गेली. किल्ली त्यांच्याकडे! धाकटा दर रविवारी किल्ली मागे, त्या एकदाच देत. दुसऱ्या रविवारी अंड्यांचा पुंजका होता. पुढे अळ्या दिसल्या, मग तांदळाएवढे फिकट कोश. सहावा आठवडा संपता संपता तीन मुंगळ्या बाहेर आल्या होत्या. नेहमीच्या मुंगळ्यांपेक्षा कितीतरी लहान. आई उपाशी असते, म्हणून पहिल्या लेकी अशा लहानच होतात. पण त्याच पुढे घर चालवतात.

आता मात्र अन्न द्यायचे. एक भाग साखर आणि तीन भाग पाणी, त्याचा अगदी लहान थेंब कागदाच्या तुकड्यावर. सोबत हाताने मारलेला डास. औषधाने मेलेला किडा कधीही देऊ नये. उरलेले दुसऱ्या दिवशी काढावे. कापूस काळा पडला तर राणीला ओढून काढू नये. नवी नळी तयार करून दोन्हींची तोंडे जोडावीत, नवीवर कापड घालावे, जुनी उजेडात ठेवावी. त्या आपल्या पायांनी नव्या घरात जातात. सगळ्याच राण्या जगत नाहीत, हेही मुलांना आधीच सांगावे.

मुंग्या पाळणे हे काही पोरकट वेड नव्हे. इंग्लंडमध्ये सर जॉन लबक हे बँकेचे मालक आणि खासदार होते. १८७१ साली तिथल्या नोकरदारांना बँक हॉलिडेची सुट्टी देणारा कायदा त्यांनीच मांडला. हे गृहस्थ घरात काचांच्या मध्ये मुंग्या पाळत. १८८२ साली त्यांनी मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्याकडे १८७४ साली आलेली एक राणी १८८८ पर्यंत जगली. इतके आयुष्य एवढ्याशा जिवाला असते!

आणि म्हणूनच शेवटचा प्रश्न आला. एका खोलीचे आमचे घर. मुंगळ्यांचे कुटुंब वाढले की शेकड्यांत जाते. राणी आणखी कित्येक वर्षे जगणार. धाकट्याला ती सोडायची नव्हती. आम्ही त्याला जबरदस्ती केली नाही. मुंगळ्या अकरा झाल्या तेव्हा एका रविवारी तो स्वतःच म्हणाला, "आजी, आता तिची खोली लहान पडते." जिथे राणी सापडली होती, त्याच नळामागच्या झाडाच्या बुंध्याशी त्याने नळी मातीत टेकवली आणि तोंडाचा कापूस काढला. ज्या भागातली राणी, त्याच भागात सोडावी, लांब कुठे नेऊन सोडू नये, हे ध्यानात ठेवावे. संध्याकाळपर्यंत नळी रिकामी झाली होती.

सासूबाई दारात बसून विचारत होत्या, "गेली का रे नीट?" तो म्हणाला, "गेली. पोरींनी अंडी उचलून नेली. तिला काही उचलावे लागले नाही."

तुमच्या मुलाने या पावसाळ्यात डबीतून असे काही घरी आणले, तर लगेच फेकायला लावू नका. त्याला एक नळी द्या, कापूस द्या आणि पेटीची किल्ली घरातल्या आजीकडे द्या.