संयमाचे कौतुक आणि कडीची किंमत

समीक्षेत 'वीण' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कादंबरीची वीण घट्ट असते, कथेची उसवते, कवितेतल्या प्रतिमा एकमेकींत गुंफलेल्या असतात. 'ग्रंथ' या शब्दाच्या धातूतच बांधण्याची, ओवण्याची क्रिया दडलेली आहे आणि इंग्रजीतील 'टेक्स्ट'चे मूळ विणण्याचा अर्थ असलेल्या लॅटिन क्रियापदात आहे, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही सांगतो. मात्र विणणारा कोण होता आणि त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न आपल्या परिभाषेत कुठेच बसत नाही. तो येथे उपस्थित करण्यासाठी आम्ही साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेत आहोत. ते आहे धातूच्या कड्या हाताने गुंफून दागिने आणि नाटक-चित्रपटांसाठी चिलखते करण्याच्या कलेचे.

चिलखत म्हटले की मराठी वाचकाला १६५९ सालची प्रतापगडाखालची भेट आठवते. 'जिरेटोप' या शब्दातील 'जिरे' म्हणजे फारसीतील 'जिरह', अर्थात कड्यांचे चिलखत. युद्धातून ते हद्दपार झाले, पण त्याची वीण टिकली. आज युरोप-अमेरिकेत आणि थोड्या प्रमाणात आपल्याकडेही याच विणीच्या बांगड्या, गळ्यातल्या साखळ्या, कर्णभूषणे आणि रंगमंचीय पोशाख करणारे कारागीर आहेत.

कृती सांगायला सोपी आहे. तार एका दांडीभोवती गुंडाळायची, तयार झालेले वेटोळे कापून सुट्या कड्या करायच्या आणि दोन पकडींनी एकेक कडी उघडून, ओवून, पुन्हा मिटायची. उघडताना टोके बाहेर ताणायची नसतात. ती एकमेकांपासून आडवी, एक पुढे आणि एक मागे अशी वळवायची, नाहीतर कडीचा गोल बिघडतो. मिटताना दोन्ही टोके अशी भिडली पाहिजेत की फटीवरून नख फिरवले तरी अडकू नये. युरोपीय चिलखताच्या सर्वांत रूढ विणीत प्रत्येक कडी इतर चार कड्यांतून जाते. कडीचा आतील व्यास आणि तारेची जाडी यांचे गुणोत्तर चुकले, तर वीण एकतर ताठ होते किंवा लुळी पडते. दागिन्यांत लोकप्रिय असलेल्या 'बायझन्टाईन' विणीला साडेतीनच्या आसपासचे गुणोत्तर मानवते. थोडक्यात, या कलेला स्वतःचे छंदःशास्त्र आहे आणि त्यात मात्रा चुकवून चालत नाही.

आता थोडा हिशेब करू. अंगभर चिलखताला पंचवीस हजार कड्या लागतात असे धरू आणि सरावलेल्या हाताला एका कडीमागे दहा सेकंद देऊ. हे जवळजवळ सत्तर तास होतात. तार गुंडाळणे, कापणे आणि चुकलेली ओळ उसवणे यांचा वेळ वेगळाच. एवढे श्रम पाहून बघणाऱ्याच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य ठरलेले असते: "केवढा हा संयम!" आमचा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. संयमाचे कौतुक केले की मोबदल्याचा विषय निघत नाही. संयम हा स्वभावाचा गुण ठरतो आणि स्वभावाला कोणी मजुरी देत नसते.

याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. टोल्किनच्या कादंबरीवरील 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही चित्रपटत्रयी २००१ ते २००३ या काळात प्रदर्शित झाली. तिच्यातील चिलखतांसाठी न्यूझीलंडमधील कार्यशाळेत प्लॅस्टिकच्या नळ्यांचे काप करून सव्वा कोटीच्या घरातील कड्या हाताने जोडण्यात आल्या. हे काम करणाऱ्या दोघांच्या बोटांचे ठसे झिजून गेले, ही गोष्ट चित्रपटाच्या चाहत्यांत आजही मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. किस्सा सगळ्यांना पाठ आहे, त्या दोघांची नावे मात्र फार थोड्यांना सांगता येतील. झिजलेल्या बोटांची आख्यायिका झाली आणि बोटे ज्यांची होती ते आख्यायिकेबाहेर राहिले.

त्याच्याही आधीचा इतिहास अधिक बोलका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये कड्यांच्या जाळीच्या पर्सचा मोठा धंदा होता. कड्या जोडण्याचे काम घरोघरी दिले जाई आणि ते करीत स्त्रिया व मुले. कड्या जोडणारी यंत्रे १९१० च्या दशकात आली, तोपर्यंत बाजारातील त्या चकचकीत वस्तूचा पाया म्हणजे नगावर मोजली जाणारी ही घरगुती मजुरी होती. तेव्हाही संयम होताच, फक्त त्याचे नाव स्वस्त श्रम असे होते. पुढे १९६६ साली पॅरिसमध्ये पाको राबान यांनी धातूच्या व प्लॅस्टिकच्या चकत्या कड्यांनी जोडून केलेले पोशाख सादर केले आणि सुईच्या जागी पकड आली, तेव्हा जगाच्या स्मरणात एकच नाव राहिले. आज पाश्चात्त्य देशांत मध्ययुगीन लढायांचे प्रयोग करणारे हौशी लोक जी चिलखते घालतात, त्यांतील कित्येक भारतात तयार झालेली असतात. त्यांवर देशाचे नाव असते, हाताचे नसते.

यावर कोणी म्हणेल, परंपरागत कारागीर अनामच असतो, अनामता हे लोककलेचे वैभवच आहे. हा युक्तिवाद साहित्याच्या वर्गात फार प्रिय आहे, पण या कलेचा इतिहास त्याला पाठिंबा देत नाही. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी काव्यात नायकाचे चिलखत वेलँड या लोहाराने घडवलेले आहे, हे नायक स्वतः सांगतो. मृत्यूच्या दारात उभा असतानाही त्याला घडवणाऱ्याचे नाव घ्यावेसे वाटते. मध्ययुगीन युरोपातील काही चिलखतांत हजारो लोखंडी कड्यांमध्ये पितळेची एखादीच कडी असते आणि तिच्यावर कारागिराचे किंवा गावाचे नाव असते. अनामता कारागिराने मागितलेली नव्हती, हे सांगायला ती एक कडी पुरेशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे काम करणारे अनेकजण हौसेने करतात आणि त्यातील तल्लीनता हाच त्यांचा मोबदला, असे म्हटले जाते. तल्लीनता खरी आहे, ती आम्हाला नाकारायची नाही. पण लेखकालाही लिहिताना आनंद होतो, म्हणून मानधन बुडवणाऱ्या संपादकाला आपण रसिक म्हणत नाही. शिवाय कडी सुटली, केस अडकला, साखळी गळून पडली, तर जबाबदारी कारागिराचीच असते. जबाबदारी व्यवसायाची आणि मोबदला छंदाचा, ही वाटणी न्याय्य नाही. 'हस्तनिर्मित' हा शब्द किमतीच्या चिठ्ठीवर छापणाऱ्याने त्या हाताचे नाव आणि लागलेले तासही छापावेत. विकत घेणाऱ्याला घासाघीस करायचीच असेल, तर निदान ती कोणत्या तासांशी चालली आहे हे त्याला कळू द्यावे.

आणि हा न्याय आपल्या अंगणातही लावावा. 'चिलखत' शब्दाचा अर्थ पाहायला आपण मोल्सवर्थ उघडतो. १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७ साली दुसऱ्या आवृत्तीत वाढलेल्या त्या कोशाची वीण शब्दाशब्दाने घालणारे मराठी पंडित होते. आपल्यापैकी कितीजणांना त्यांतील एकाचे तरी नाव सांगता येईल? मुद्रितशोधक, सूचिकार, हस्तलिखितांच्या नकला करणारे लेखनिक, अनुवादक यांच्या चिकाटीचे कौतुक आपल्या प्रस्तावनांच्या शेवटच्या परिच्छेदात असते, आणि ते तेथेच संपते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विद्यार्थ्यांना संहितेच्या विणीबद्दल शिकवताना त्यांच्या हाती एकदा पंचवीस-तीस कड्या आणि दोन पकडी द्याव्यात. तासाभरात चार बोटे साखळी होईल, बोटे दुखतील, आणि एखादी कडी नीट मिटलेली नसल्यामुळे सगळे सुटेलही. त्यानंतर 'घट्ट वीण' हा शब्द त्यांच्या उत्तरपत्रिकेत आला, तर त्यामागे कोणाचे तरी हात आहेत हे त्यांना ठाऊक असेल.