दूध सोसते का, हे कोठे बघायचे?



वाळवा तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव-गाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. मुलगा साडेतीन वर्षांचा. सात महिन्यांचा असताना त्याला पहिल्यांदा वरचे दूध दिले. वाटी संपायच्या आत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि छातीत घरघर सुरू झाली. रात्रीच मोटारसायकलवरून तालुक्याच्या गावी नेले, इंजेक्शन दिल्यावर पोर सावरले. डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितले. ते आजतागायत बंद आहे. पुन्हा कधी सुरू करायचे हे कोणी सांगितले नाही आणि यांनीही विचारले नाही.

गेल्या वैशाख पौर्णिमेला विहारात खीरदान होते. सगळ्या पोरांबरोबर हाही पंगतीत बसला. समोर खिरीचा द्रोण आला आणि आईने तो उचलून घेतला. पोराने आकांत केला. शेजारच्या बायका बघत राहिल्या. त्याच्या आत्या म्हणाल्या, "अगं, बोटाला लावून चाटीव की जरा. तीन वर्सं झाली, आता काय हुतंय त्याला?" आई गप्प बसली, पण तेव्हापासून तोच विचार तिच्या मनात घोळतो आहे. पत्राच्या शेवटी तिने विचारले आहे, "चाटवून बघू का? आणि घरी नाही, तर बघायचे कोठे?"

भगिनी, घरी चाटवू नका. एक थेंबही नको. पण आत्याबाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, हेही सांगितले पाहिजे. लहानपणी असलेली दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते. कोणाची दीड-दोन वर्षांत, कोणाची शाळेत जाईपर्यंत, काहींची त्याहून उशिरा. थोड्यांची राहते. म्हणून दूध पुन्हा सोसते का हे तपासणे आवश्यकच आहे. तीन वर्षे कोणी तपासले नाही, ही चूक आईची नाही. पथ्य सांगणाऱ्याने पथ्याची मुदतही सांगायला हवी होती.

आता थोडे नीट समजून घेऊ. "दूध बाधते" हे आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतो. पहिली म्हणजे या मुलाची. दूध पोटात जाताच काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी, सूज, उलटी, खोकला, घरघर. हीच जिवावर बेतू शकते. दुसरी उशिरा दिसते. काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी जुलाब, शौचात रक्त-शेम, उलट्या, अंगावरचे खरजेसारखे चट्टे वाढणे. तिसरी ॲलर्जी नव्हेच. दुधातली साखर पचत नाही, पोट फुगते, गॅस होतो, जुलाब होतात. त्रास होतो, पण त्याने घसा सुजत नाही की श्वास कोंडत नाही. मोठ्या माणसांत ही तिसरीच जास्त. म्हणून "मलाही दूध पचत नाही, म्हणून काय मी मेले का?" असे सासूबाई म्हणतात, तेव्हा त्या आपल्या जागी खऱ्या असतात. नातवाचे दुखणे मात्र निराळे आहे.

कृष्णाकाठी दुधाला तोटा नाही. गावोगावी संकलन केंद्रे, सकाळ-संध्याकाळ कॅनचा खडखडाट. ज्यांना म्हैस परवडत नाही त्यांच्या दारात निदान एक शेळी असते. त्यामुळे पहिला सल्ला मिळतो तो शेळीच्या दुधाचा. आमच्याच नात्यातल्या एका घरी हे झाले आहे. गाईचे बाधते म्हणून शेळीचे पाजले, आणि पोराला हातात धरून दवाखान्यात पळावे लागले. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिने इतकी सारखी असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहांपैकी नऊ मुलांना शेळीचेही बाधते. म्हशीचेही तेच. ताक हलके म्हणून चालेल असे समजू नये, त्यातही तीच प्रथिने असतात. तुपात ती अगदी थोडी उरतात, तरी तूप म्हणजे चाचणी नव्हे. आणि खरवस तर लांबच ठेवावा, कारण चिकात प्रथिने साध्या दुधाच्या कितीतरी पट असतात.

"उकळून उकळून दिले तर?" असे एका बाईंनी मागे विचारले होते. दूध नासले की चोथा वेगळा होतो आणि पिवळसर पाणी वेगळे. चोथ्यात केसीन नावाचे प्रथिन असते, पाण्यात दुसरी प्रथिने. पाण्यातली प्रथिने उष्णतेने बरीच मोडतात, केसीन मात्र उकळीला दाद देत नाही. म्हणून चुलीवर आटवलेले दूध या मुलांना सुरक्षित नाही.

तेच दूध गव्हाच्या पिठात मिसळून भट्टीत चांगले अर्धा तास भाजले, तर मात्र फरक पडतो. प्रथिने मोडतात आणि पिठात अडकून बसतात. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई येथील डॉक्टरांनी २००८ साली दुधाची ॲलर्जी असलेल्या १०० मुलांची तपासणी छापली. त्यांपैकी ६८ मुलांना असे भाजलेले दूध सोसले, साधे सोसले नाही. नऊ जणांना दोन्ही सोसले. म्हणजे त्या नऊ मुलांचे पथ्य संपायची वेळ होऊन गेली होती. उरलेल्या २३ मुलांना भाजलेलेही बाधले, आणि त्यांच्यातल्या काहींना ॲड्रेनलिनचे इंजेक्शन द्यावे लागले. ही २३ मुले कोणती, हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते.

यावरूनच डॉक्टर मंडळींनी दुधाची एक शिडी बसवली. सर्वांत खालची पायरी दुधाची भुकटी घातलेले बिस्किट, मग केक, मग तव्यावर थोडा वेळ भाजलेला पदार्थ, मग पनीर-दही, आणि शेवटी दूध. आपल्याकडची दशमी दुधात भिजवतात, पण ती तव्यावर दोन-चार मिनिटांत होते. ती भट्टीतल्या भाजणीत मोडत नाही, बरीच वरच्या पायरीवर आहे. प्रवासात सोपी म्हणून दशमी पोराच्या हातात देऊ नये.

ही शिडी घरी चढता येते का? ज्या मुलाचा त्रास उशिराचा आणि सौम्य आहे, ज्याला कधी सूज-घरघर झाली नाही, दमा नाही, त्याला डॉक्टरांनी पायऱ्या लिहून दिल्या तर घरी चढता येते. एकेका पायरीवर काही दिवस थांबायचे, त्रास झाला तर खाली उतरायचे. भारतीय बालरोगतज्ज्ञांनी २०२० साली याबद्दल मार्गदर्शक सूचना छापल्या आहेत. आपल्या डॉक्टरांना ते विचारायला लाजू नये. मात्र पत्रातल्या मुलासारखे ज्याचे आहे, त्याची पहिली पायरीसुद्धा दवाखान्यातच. बराच काळ बंद ठेवलेले दूध अचानक दिल्यावर पहिल्यापेक्षा जोराचा त्रास झाल्याची उदाहरणे आहेत.

दवाखान्यातली चाचणी कशी असते ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. मूल त्या दिवशी ठणठणीत हवे. सर्दी, ताप, छातीत कफ असेल तर तारीख पुढे घ्यावी. एका दिवसाची मजुरी बुडवून गेलो आणि परत आलो, असे वाईट वाटते, पण घ्यावी. ॲलर्जीचे सिरप चालू असेल तर ते काही दिवस आधी बंद करावे लागते, नाही तर लक्षणे झाकली जातात. किती दिवस, हे डॉक्टर सांगतील. दम्याचा पंप मात्र आपल्या मनाने बंद करू नये. अर्ध्या बाह्यांचा सदरा घालावा, अंगावर काही उठले तर लगेच दिसते.

मग डॉक्टर मुलाचे वजन, नाडी, श्वास बघतात. औषध आधी भरून तयार ठेवतात. पहिल्यांदा ओठाला थेंब. काही झाले नाही तर पंधरा ते तीस मिनिटांनी चमच्याचा अंश, मग चमचा, मग अधिक, असे वाढवत वयाप्रमाणे शंभर-दोनशे मिलिलिटरपर्यंत. शेवटच्या घोटानंतर निदान दोन तास तिथेच बसायचे. ज्या मुलाला दुधानंतर काही तासांनी सारख्या उलट्या होऊन ते गळून जाते, त्याला आणखी जास्त वेळ. सगळा दिवस जातो. सोबत दोघांनी जावे. त्याला आवडणारा बिनदुधाचा खाऊ न्यावा.

मधेच गांधी उठल्या तर चाचणी थांबते आणि औषध मिळते. याला नापास होणे म्हणू नये. अजून सहा महिने-वर्ष थांबायचे, एवढेच कळते. आणि पास झाले तर लगेच विसरूनही जाऊ नये. डॉक्टर सांगतील तितके दूध रोजच्या आहारात ठेवावे लागते.

दवाखान्यात सगळे निर्धास्त असते असेही आम्ही म्हणणार नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, रुग्णालयात भाजलेल्या दुधाची अशीच चाचणी चालू असताना तीन वर्षांच्या मुलाला जोराची प्रतिक्रिया आली आणि ते दगावले. अशा घटना अतिशय विरळ. पण जिथे डॉक्टर आणि औषध हाताशी असताना असे होऊ शकते, तिथे विहाराच्या पंगतीत बोटाने चाटवणे किती धोक्याचे, हे आत्याबाईंना यावरून समजावून सांगावे. त्यांच्यावर रागावू नये. मायेपोटीच बोलल्या त्या.

कोठे जायचे? वाळव्याहून मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा कराडचे कृष्णा रुग्णालय. सांगलीकरांना वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. बालरोग विभागाच्या ओपीडीत जाऊन स्पष्ट विचारावे, "दुधाची ॲलर्जी गेली का हे तुमच्या देखरेखीखाली दूध देऊन तपासता का? नसेल तर कोठे पाठवाल?" चिठ्ठी लिहून घ्यावी. त्वचेवर टोचून किंवा रक्तातून करायच्या तपासण्या डॉक्टर सांगतील, त्यांचा उपयोग आहे. पण नुसता अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणजे ॲलर्जी आहेच असे होत नाही. आणि एका नळी रक्तात शंभर-दीडशे पदार्थांची ॲलर्जी सांगतो म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या लॅबच्या नादी लागू नये. असल्या यादीवरून पोराची डाळ, गहू, अंडे सगळे बंद करून त्याला हाडकुळे केलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

तारीख मिळेपर्यंत पाकिटे वाचायची सवय ठेवावी. दुधाची भुकटी, केसीन, व्हे असे शब्द दिसले तर नको. पाकिटावर दूध असल्याचे वेगळे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र मूल दुधाची भुकटी असलेले ग्लुकोज बिस्किट आधीपासून बिनत्रास खात असेल, तर ते बंद न करता डॉक्टरांना सांगावे, त्यांना त्यावरून बरेच कळते. अंगावर पाजत असाल तर ते सोडू नये. आईने स्वतः दूध बंद करायचे की नाही, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी, नाचणी घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते, तेवढ्याच दुधात त्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. तीळ, राजगिरा, आणि चालत असेल तर काट्यासकट खायचे सुके मासेही चांगले.

चुकून दूध पोटात गेले आणि श्वासाला त्रास, आवाज बसणे, पोर मलूल पडणे असे दिसले, तर सिरप पाजून वाट बघत बसू नये. खरे औषध ॲड्रेनलिन, मांडीत. मुलाला आडवे निजवावे, पाय उंच करावेत. धाप असेल तर बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये. १०८ ला फोन लावावा, ही गाडी राज्यात २०१४ पासून आहे. ती येईपर्यंत वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात न्यावे. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲड्रेनलिन असते का, हे आजच विचारून ठेवा. बरे वाटले तरी काही तास दवाखान्यातच थांबावे, त्रास उलटून येऊ शकतो.

खिरीचे म्हणाल, तर महिला मंडळाला एक विनंती करून बघा. पुढच्या वैशाख पौर्णिमेला एक छोटे पातेले नारळाच्या दुधात शिजवावे. नारळ त्याला याआधी सोसलेला असावा. पातेले वेगळे, पळीही वेगळी, आणि मोठ्या कढईतली पळी त्यात बुडवायची नाही. ते पातेले पंगतीतल्या सगळ्याच पोरांना थोडे थोडे वाढा, म्हणजे त्याला एकट्याला निराळे बसावे लागणार नाही.

पत्रात शेवटी आणखी एक ओळ होती, अंगणवाडीत पाठवू का? जरूर पाठवा. ताईंच्या हातात डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी द्या, तिच्यावर काय खायचे नाही, काय दिसले की काय करायचे आणि दोन फोन नंबर लिहा. मदतनीस मावशींनाही ती वाचून दाखवा, कारण वाढायला त्याच असतात.