गळती शोधण्याचीही मजुरी द्या

जुन्या गाडीखाली तेलाचा डाग दिसला की बालाघाट काय, गोंदिया काय, गॅरेजात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : पॅकिंग गेलंय, बदलून टाकू. कुठलं पॅकिंग, हे विचारायची मालकाला सवय नाही आणि सांगायची मिस्त्रीला गरज वाटत नाही. पॅकिंग बदलून होतं, पैसे दिले जातात आणि महिन्याभरात डाग पुन्हा दिसतो. मग मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडली जातात. माझ्या मते यात मिस्त्रीच्या हातापेक्षा आपल्या बिलाचा दोष मोठा आहे. सुट्या भागाची किंमत आपण देतो, तो बसवण्याची मजुरीही देतो. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यात गेलेला वेळ मात्र फुकट धरतो. मोबदलाच नसेल तर ते काम मन लावून कोण करील?

हे शोधकाम किती अवघड आहे ते फियाट पॅलिओसारख्या गाडीवरून कळतं. 2001 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, 1.6 लिटरच्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाची, सुमारे शंभर अश्वशक्तीची ही गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यातली स्पोर्ट्स कारच होती. सचिन तेंडुलकरच्या नावाची एस-टेन आवृत्तीही तिची निघाली. अशा इंजिनातली रबरी सीलं इतक्या वर्षांच्या उष्णतेनं कडक होतात, गाडी उभी राहिली तर आणखी लवकर. गळती सुरू होते एका जागी आणि थेंब पडतो भलतीकडेच. तेल उतारानं खाली येतं, गाडी धावताना वाऱ्यानं मागे ढकललं जातं, त्यावर रस्त्याची धूळ बसून काळा थर जमतो. टॅपेट कव्हरमधून झिरपलेलं तेल इंजिनाच्या मागच्या अंगानं ओघळून गिअरबॉक्सच्या सांध्याशी टपकलं, की क्रँकचं मागचं ऑइल सील फुटल्यासारखं दिसतं. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ऑइल प्रेशरचा छोटासा स्विचही असाच चकवा देतो. सगळ्यात फसवा ब्रीदर. त्याची नळी तुंबली की इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर ढकललं जातं. तिथे नवं सील घालून उपयोग काय? म्हणून आधी इंजिन स्वच्छ धुवायचं, कोरडं करायचं, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरायची, गाडी थोडी चालवायची आणि ओल सर्वांत वर व सर्वांत पुढे कुठे उमटते ते पाहायचं. एवढ्यानं भागलं नाही तर तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहता येतं. यात महागडं यंत्र फारसं काही नाही. वेळ आणि चिकाटी मात्र भरपूर लागते. बालाघाटला लागूनच असलेल्या भरवेलीच्या मँगनीजच्या पट्ट्यात आधी छिद्रं पाडून नमुने तपासतात, मग खणतात. त्या तपासणीचा खर्च वाया गेला असं कोणी म्हणत नाही.

जुनी गाडी गळणारच, लिटरभर तेल ओतत राहावं, असं सांगणारे पुष्कळ आहेत. बाहेरून हे स्वस्त वाटतं. पण तापलेल्या एक्झॉस्टवर पडणारं तेल पेट घेऊ शकतं, टायमिंग बेल्टवर गेलं तर बेल्ट कमकुवत होतो, आणि तो तुटला तर इंजिनच उघडावं लागण्याची वेळ येऊ शकते. रस्त्यावर सांडलेलं तेल पावसात नाल्यातून वैनगंगेकडे वाहतं, ते वेगळंच. दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो खरा आहे : नुसतं पाहण्याचे पैसे छोट्या गावातल्या माणसाला जाचतात. पण पंधरा वर्षांवरच्या कारची नोंदणी पुढे चालू ठेवण्याचं शुल्क केंद्रानं 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 रुपये केलं. एवढं भरून गाडी ठेवणाऱ्याला तिच्या अर्ध्या दिवसाच्या तपासणीची मजुरी जड वाटू नये. शिवाय आपल्याकडे जुन्या गाडीचा भाग बरेचदा नागपूरहून मागवावा लागतो. चुकीचा आला तर पैसे जातात आणि गाडी तितके दिवस उभी राहते.

तिसरा आक्षेप विश्वासाचा : मिस्त्री वेळ काढील, पैसे घेईल आणि काहीच सांगणार नाही. त्यावर उपाय सोपा आहे. मजुरी आधी ठरवावी आणि ओली जागा दिव्याखाली मालकाला दाखवल्यावरच ती द्यावी. मात्र ही रक्कम पुढच्या दुरुस्तीच्या बिलातून वजा करून घेण्याची पद्धत मला घातक वाटते. तसं केलं की मोठी दुरुस्ती काढणाऱ्यालाच फायदा होतो आणि ‘फक्त स्विच बदला, गिअरबॉक्सला हात लावू नका’ असं सांगणारा प्रामाणिक मिस्त्री पुन्हा तोट्यात जातो.